पोवई नाक्याजवळचे फ्लाइट सिम्युलेटर केंद्र: तीन बिघाड, तीन तास

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर फ्लाइट सिम्युलेटरचे छोटे केंद्र चालते. तेथे मी गेल्या महिन्यात एकेका तासाची तीन सत्रे घेतली. तासाला बाराशे रुपये ही रक्कम साताऱ्याच्या मानाने थोडी नव्हे, त्यामुळे तिच्या बदल्यात काय मिळते ते नीट सांगायला हवे. समोर तीन पडदे, सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या धर्तीचा दोन खुर्च्यांचा कॉकपिट आणि पायाशी सुकाणूची पॅडल एवढाच सरंजाम आहे. अजिंक्यताऱ्यावरून हौसेची फेरी मारून येणारे पुष्कळ असतात, आणि ती फेरी यथातथाच आहे, कारण पडद्यावरचा अजिंक्यतारा बुरुजाविना, नुसत्या हिरव्या ढिगासारखा दिसतो. केंद्राचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ‘बिघाड सत्र’. आपण उतरण्याच्या तयारीत असताना मागे संगणकावर बसलेला प्रशिक्षक काहीही न सांगता विमानाचा एखादा भाग निकामी करतो.

पहिल्या दिवशी फ्लॅप (कमी वेगात विमान तोलून धरण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या झडपा) दहा अंशांवरून वीस अंशांवर नेताच विमान डावीकडे कलंडू लागले. उजव्या पंखाचा फ्लॅप खाली आला होता, डाव्याचा जागीच राहिला होता. मी योक, म्हणजे विमान वळवण्याचे हातातले अर्धे चाक, उजवीकडे रेटत राहिलो. प्रशिक्षक शांतपणे म्हणाला, “काका, शेवटी काय हलवलंत? तेच आधी परत जागेवर न्या.” फ्लॅप दहावर आणताच विमान सावरले. त्यानंतर धावपट्टीकडे लगेच वळू न देता त्याने मला पुरेशा उंचीवर नेले, वेग टप्प्याटप्प्याने कमी करायला लावला आणि विमान कोणत्या वेगापर्यंत हाताला दाद देते ते पाहायला सांगितले. त्या वेगाच्या खाली उतरताना जायचे नाही, एवढे त्या तासात पक्के झाले. तिसऱ्या दिवशी फ्लॅप मुळीच उघडले नाहीत. त्या सत्रात वेग थोडा जास्त ठेवण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

दुसरे सत्र एलिव्हेटरचे होते आणि केंद्राची ताकद व उणीव दोन्ही तेथेच उघडी पडली. एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरची, विमानाचे नाक वरखाली करणारी आडवी फळी. सेस्नामध्ये ती केबलने योकला जोडलेली असते. केबल तुटली तर फळी मोकळी राहते आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये असलेले ट्रिमचे चाक (फळीच्या कडेची छोटी पट्टी हलवून नाकाची स्थिती ठरवणारे) नेहमीच्याच दिशेने काम करते. फळी अडकून बसली असेल तर मात्र तिच्या कडेची ट्रिमची पट्टीच छोट्या एलिव्हेटरसारखी वागते आणि चाकाचा परिणाम उलटा होतो. म्हणून यांतले काय झाले आहे हे आधी ओळखावे लागते, आणि ते हातालाच कळते: योक सैल फिरतो आहे की घट्ट बसला आहे? या केंद्रातला योक स्प्रिंगचा आहे, तो दोन्ही बिघाडांत सारखाच फिरतो. प्रशिक्षकाने यावर काढलेला उपाय पाहून मला हसू आले. ‘अडकले’ असे दाखवायचे असेल तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवर बसून माझा योक दोन्ही हातांनी धरून ठेवतो.

त्या दिवशी केबल तुटली होती. घर जवळ म्हणून मी कऱ्हाडची धावपट्टी निवडली. ती पडद्यावर दिसत असतानाच प्रशिक्षकाने मला पुण्याकडे वळवले, कारण अशा वेळी जवळची नव्हे, लांब धावपट्टी हवी, आणि लोहगावची सुमारे अडीच किलोमीटरची आहे. फ्लॅप वीस अंशांवर, वेग ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर), ट्रिम एकदा बसवला की त्याला हात लावायचा नाही आणि उतार केवळ थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करून, सांभाळायचा. कठीण असते ते अगदी शेवटी. सवयीने थ्रॉटल मिटवला की नाक खाली जाते आणि पुढचे चाक आधी आपटते. पहिल्या दोन खेपांना माझे तेच झाले. तिसऱ्या खेपेला ट्रिमचे चाक पूर्ण ‘नाक वर’ फिरवून, इंजिनाचा थोडा जोर शिल्लक ठेवून उतरलो आणि मागची चाके टेकल्यावरच थ्रॉटल मिटवला. चाक फिरवल्यानंतर नाक उचलले जाईपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद वाट पाहणे फार अवघड जाते.

मी अमेरिकेतल्या सू सिटीच्या विमान अपघातासारखा प्रसंग मागितला. १९ जुलै १९८९ रोजी त्या डीसी-१० प्रवासी विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले, पंख-शेपटीवरच्या फळ्या हलवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर विमान खाली आणले आणि २९६ पैकी १८४ जण वाचले. प्रशिक्षकाने नकार दिला. अपघातानंतर सिम्युलेटरवर झालेल्या प्रयोगांतूनही असे उतरणे भरवशाने शिकवता येत नाही असेच दिसले होते, असे तो म्हणाला. पैसे मिळत असूनही नाही म्हणणारा प्रशिक्षक मला आवडला.

बाकी किरकोळ बाबी. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पडदे चालतात, पण एसी बंद होतो. डावे पॅडल कुरकुरते. एक तासात एलिव्हेटरचा सराव जेमतेम बसतो, तेव्हा सलग दोन तास घ्यावेत आणि वेळ ठरवतानाच ‘केबल तुटलेली आणि अडकलेली, दोन्ही हवीत’ असे सांगून ठेवावे, म्हणजे योक धरायला प्रशिक्षक मोकळा असेल.