बंदुकीच्या मॅगझिनची मर्यादा: अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य बरं की न्यूजर्सी?
कोलोरॅडोने 2013 मध्ये 15 गोळ्यांची लिमिट लावली पण 1 जुलैआधी घेतलेलं मॅगझिन ठेवायला परवानगी, आता मॅगझिन म्हणजे काय तर बंदुकीच्या गोळ्या भरायचा स्प्रिंग घातलेला डबा, त्यावर बहुतेक वेळा सीरियल नंबरही नसतो, मग जुनं की नवं हे पोलिस ठरवणार कसं? कित्येक शेरीफ (तिथले जिल्हा पोलिसप्रमुख) तर उघड म्हणाले आम्ही यामागे लागणार नाही.

न्यूजर्सीने 2018 मध्ये 15 वरून थेट 10 केलं आणि जुन्यांनाही सूट नाही. 180 दिवसांत जमा करा, विका, नाहीतर डब्यात ठोकळा घालून कायमचं 10 वर आणा. कागदावर हेच चोख वाटतं मला, पण घरातल्या कपाटात कोण डोकावणार हो?