पशुवैद्यक शिक्षणाला देणगी: हयातीत की मृत्युपत्राने?

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, त्यामागे मुंबईचे गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांचं हयातीतलं दान होतं. हयातीत दिलं की विनियोग डोळ्यांनी बघता येतो. १० लाखांचा कायम निधी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं) ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार देतो. त्यात शिष्यवृत्ती निघते, संशोधनाचं यंत्र नाही. करसवलत जुन्या करप्रणालीतच, तीही २,००० रुपयांवरच्या रोखीवर नाही. चेकच द्या.

मृत्युपत्रात पैसा शेवटपर्यंत हाताशी राहतो, आजारपणं काय सांगून येतात? पण गोंधळ इथेच जास्त. दोन साक्षीदार हवेतच. नुसतं ‘गुरांच्या कॉलेजला’ लिहिलं तर वारस भांडतात. संस्थेचं नोंदणीकृत नाव लिहा. ‘फक्त घोड्यांच्या सर्रा रोगासाठी’ अशी अट असेल तर पर्यायी उपयोगही नमूद करा, नाहीतर रक्कम पडून राहते.