पब्लिश ऑर पेरिश: आठ महिने वापरल्यावर, साठवलेल्या शोधांविषयी

गेले आठ महिने पब्लिश ऑर पेरिश हे संशोधन-लेखांचे आकडे काढणारं सॉफ्टवेअर मी जवळजवळ रोज उघडते. आमच्या गटातल्या संशोधकांची सायटेशन्स (त्यांच्या लेखांचे इतरांनी दिलेले संदर्भ), एका विषयावरचे नवे लेख आणि दोन-तीन नियतकालिकांवर नजर, अशी तिन्ही कामं त्यावरच चालतात. ॲन-विल हार्झिंग यांचं हे सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि वैयक्तिक, विनानफा वापराला मोफत आहे. आकडे काढून देणारी साधनं इतरही आहेत. मी इथे टिकले ते डावीकडच्या फोल्डरांमुळे. केलेला प्रत्येक शोध तिथे अटींसकट राहतो, हवा तेव्हा पुन्हा चालवता येतो.

पहिले दोन महिने मात्र मी त्या फोल्डरांकडे बघितलंही नाही. शोध घ्यायचा, एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशन्सवरून काढलेला संशोधकाचा आकडा, वहीत उतरवायचा आणि पुढच्या नावाकडे वळायचं. तिसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या अहवालासाठी जुना आकडा आणि नवा शेजारी ठेवला, तर १४ चे ११ झालेले. एच-इंडेक्स १४ म्हणजे प्रत्येकी किमान १४ सायटेशन्स असलेले १४ लेख. तो तीन महिन्यांत असा घसरत नाही. अर्धा दिवस शोधाशोध केल्यावर लक्षात आलं, की पहिला शोध मी गुगल स्कॉलरवर घेतला होता आणि दुसरा क्रॉसरेफवर. हे सॉफ्टवेअर माहिती अशा बाहेरच्या स्रोतांतून आणतं, आणि स्रोत आपण निवडायचा असतो. क्रॉसरेफ प्रकाशकांनी जमा केलेल्या संदर्भयाद्या डीओआयवरून (लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) जुळवून मोजतं. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधी खुले केलेले मसुदे), पुस्तकं असं बरंच काही धरतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक होते, एका ओळीत मांडले ही चूक माझी.

तेव्हापासून एका फोल्डरात एकच स्रोत. वर कामाचं फोल्डर, त्यात स्रोताचं, त्यात शोध. शोधाच्या नावात आडनाव आणि कशासाठी घेतला ते, एवढंच. तारीख नावात घालत नाही, कारण यादीत ती आपोआप दिसते. तिथे रकाने दोन आहेत हे पाहून ठेवा: शोधाची तारीख आणि कॅशची (साठवलेल्या माहितीची) तारीख. साधं ‘सर्च’ दाबलं की सॉफ्टवेअर आधी आपल्याच संगणकावर साठवलेली माहिती बघतं. ताजा आकडा हवा असेल तर ‘सर्च डायरेक्ट’. अहवालात मी कॅशची तारीखच लिहिते, कारण आकडा खरोखर कधीचा आहे ते तीच सांगते.

नावांचा भाग सर्वात वेळखाऊ. एकच संशोधक एका लेखावर एका आद्याक्षराने असतो, दुसऱ्यावर दोन. दोन्ही रूपं अवतरणचिन्हांत घालून मध्ये ‘ऑर’ टाकते. मग निकाल शीर्षकानुसार लावते, म्हणजे प्रीप्रिंट आणि छापील लेख वर-खाली येतात. एक ओढून दुसऱ्यावर सोडला की दोन्ही एक होतात. भलत्याच माणसाच्या लेखासमोरची खूण काढली की उजवीकडचे आकडे लगेच बदलतात. एकदा अशा सहा खुणा काढल्यावर एच-इंडेक्स दोनाने खाली आला. मग न तपासलेला आकडा कुणाच्या हातात द्यायचं धाडसच होत नाही.

विषयावरच्या शोधांत अडचण वेगळी असते. गुगल स्कॉलर एका शोधाला १००० च्या पुढे निकाल देत नाही. म्हणून व्यापक विषयाचे पाच-पाच वर्षांचे तुकडे करून वेगवेगळे शोध साठवलेत. ते सगळे एका दमात चालवायचे नाहीत. गुगल स्कॉलरकडे लागोपाठ विनंत्या गेल्या की मध्येच कॅप्चा (आपण यंत्र नाही हे दाखवायची चाचणी) येतो, आणि सॉफ्टवेअर स्वतःही वेग आवरतं. मी सकाळी चार-पाच चालवते, बाकीचे दुसऱ्या दिवशी. ओपनॲलेक्स या दुसऱ्या स्रोतावर हा त्रास जवळपास नाही, त्यामुळे नियतकालिकांचे शोध तिकडे हलवले.

फोल्डर नीट लावले म्हणजे सगळं सुरक्षित असं मात्र धरू नका. मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक हाही इथला एक स्रोत होता. २०२१ च्या अखेरीस ती सेवा बंद झाली आणि त्यावरचे शोध पुन्हा चालवायची सोय संपली. म्हणून दर तीन महिन्यांनी महत्त्वाच्या शोधांचे निकाल सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) करून बाजूला ठेवते. फाइलच्या नावात शोधाचं नाव, स्रोत आणि कॅशची तारीख.