पोर्ट फॉरवर्डिंग: यूएफडब्ल्यू की फायरवॉलडी?

पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये पुढे उबुंटूचा सर्व्हर आणि त्याच्या मागे वजनकाट्याचा कॉम्प्युटर आहे. मालक धुळ्याला राहतात, कापसाच्या गाड्यांची वजनं त्यांना घरून बघायची असतात. म्हणजे बाहेरून ८०८० वर आलेलं आत १९२.१६८.१.५० च्या ८० वर पाठवायचं. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दोन हंगाम मी हे यूएफडब्ल्यूवर चालवलं, आता फायरवॉलडीवर आहे. दोन्ही लिनक्सची फायरवॉल सांभाळणारे प्रोग्राम.

दोन्हींच्या आधी एक तपासा. लाइनला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला असेल तर तो पब्लिक आयपी नाही, बाहेरून तिथे थेट पोचता येत नाही. तिथे आधी स्टॅटिक आयपी घ्या.

नुसता पोर्ट उघडायचा किंवा बंद करायचा असेल तर यूएफडब्ल्यूच बरा, हे मी आजही सांगतो. फॉरवर्डिंगला मात्र त्यात सरळ कमांड नाही. बिफोर-रूल्सच्या फाइलीत फिल्टरच्या भागाच्या वर नॅटचा (पॅकेटचा पत्ता बदलून पुढे पाठवायच्या नियमांचा) तुकडा हाताने लिहायचा, आयपी फॉरवर्ड चालू करायचं, राउटची परवानगी द्यायची. एकदाचं काम, म्हणून त्याचं मला काही वाटत नव्हतं.

दिवाळीनंतर आवक जोरात असताना काट्याचा कॉम्प्युटर बदलला. फाइलीत ५० चे ६० केले, रिलोड केलं, एकही एरर नाही. जुना कॉम्प्युटर हिशेब उतरवायला चालूच ठेवला होता. दुपारी मालकांचा फोन आला, "भाऊ, धा वाजेपासून एकबी गाडी दिसत नही. काटा बंद शे का?" काटा चालू होता, गेटबाहेर पिकअपची रांग होती. नॅटची यादी काढली तर एकाच पोर्टच्या दोन ओळी, वर ५०, खाली ६०. रिलोड करताना यूएफडब्ल्यू नॅट टेबल पुसत नाही, नवी ओळ जुनीच्या खाली जोडतो. वरची जुळली की पॅकेट तिकडेच जातं. रीबूटनंतर सगळं नीट दिसतं, म्हणून दोन वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नाही. नॅटच्या तुकड्यात सुरुवातीला 'उणे एफ'ची ओळ टाकली की टेबल आधी साफ होतं, पण सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) असेल तर त्याचे नॅटचे नियमही त्यासोबत उडतात. माझ्याकडे डॉकर होतं.

फायरवॉलडीत ॲड-फॉरवर्ड-पोर्ट अशी एकच कमांड आहे. पत्ता बदलला की जुना नियम काढायचा, नवा टाकायचा, आणि लिस्ट-ऑल केलं की जे दिसतं तेच चालू असतं. ठरावीक पत्त्यावरून येणाऱ्यालाच आत सोडायचं असेल तर रिच रूल आहे. फायरवॉलडीच्याही खोडी आहेत. 'परमनंट' लिहायचं राहिलं तर रिलोडनंतर नियम गायब. झोन, म्हणजे कोणत्या नेटवर्कला किती मोकळीक याचे गट, समजायला मला आठवडा लागला. आणि माझ्यासारखं एकाच नेटवर्क कार्डावर मास्करेड (पाठवणाऱ्याच्या जागी सर्व्हरचा पत्ता घालणं) लावलं, तर आतल्या कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये येणाऱ्याच्या जागी सर्व्हरचाच पत्ता दिसतो. तुम्हाला तो लॉग महत्त्वाचा असेल तर नीट विचार करा.

तुमचे आतले पत्ते वर्षानुवर्षं बदलत नसतील, तर यूएफडब्ल्यू मोडून काढायची घाई नको. हंगामात कॉम्प्युटर इकडचे तिकडे होत असतील, तर मी फायरवॉलडी लावीन. बदलताना यूएफडब्ल्यू आधी बंद करा, दोन्ही एकत्र ठेवू नका. आणि एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल, तर फायरवॉलडी चालू करण्याआधी तो पोर्ट त्यात उघडा. पब्लिक झोन एसएसएचसाठी स्वतःहून फक्त २२ च मोकळा ठेवतो.