जागलीवर टॉप ऑफ द पॉप्स : नव्वदीतले एपिसोड पाहून काय वाटलं ते

सरळ सांगून टाकतो, हा प्रोग्राम पाहायचा असेल तर फेमस क्लिपा पाहू नका, अख्खा एपिसोड पाहा. क्लिपमधे तेच दिसते जे आज मोठं झालं, आणि ह्याची खरी मजा जे मोठं झालं नाही त्याच्यात आहे.

ज्याला अजिबात माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात. टॉप ऑफ द पॉप्स म्हणजे बीबीसीचा प्रोग्राम, १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला अन् ३० जुलै २००६ ला दर आठवड्याचा बंद पडला. इंग्लंडात त्या आठवड्यात दुकानातून कोणत्या गाण्याच्या रेकॉर्डी, कॅसेटी, सीड्या जास्त खपल्या त्याचा चार्ट लागायचा, आणि त्या चार्टमधले गायक नाहीतर बँड स्टुडिओत येऊन गाणं करून दाखवायचे. वर्षानुवर्षं गुरुवारी लागायचा, १९९६ मधे शुक्रवारी नेला. आमच्या बाबांना एवढं समजावून सांगितलं तर ते म्हणे, "अबे मंग हे तं बिनाका गीतमालाच होय, फक्त चेहरे दिसून राहिले." एका वाक्यात माझा अर्धा रिव्ह्यू त्यांनीच उरकला. त्यांची गीतमाला बुधवारी, ह्यांचा गुरुवार, पायदान इथंही अन् तिथंही.

आता मी हे पाहतो कुठं, तर वावरात. दारव्हा तालुक्यात हरभरा असलेल्या माणसाला विचारा, लाईन एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रातची, रातची असली की ओलीत रातीच करा लागते, आणि ओलीत नसलं तरी जागल आहेच, डुकरं अन् रोही (नीलगायी) काही सुट्टी घेत नाहीत. मग मचाणावर बसून करायचं काय, मोबाईल आहे, रोजचा डेटा उरलेला आहे, रेंज मचाणाच्या एका कोपऱ्यात येते त्या कोपऱ्यात मी. पहिले भजनं झाली, क्रिकेटचे जुने सामने झाले, मग एका रातीला यूट्यूबनं आपल्या मनानं १९९३ चा एक एपिसोड पुढं आणून ठेवला अन् तिथून जे लागलं ते लागलं. नव्वदीच्या आधीचं मी पाहत नाही, एकतर ते माझ्या वयाचं नाही, आणि दुसरं म्हणजे साठच्या दशकातल्या बहुतेक टेपा बीबीसीनं तेव्हाच पुसून टाकल्या, अन् सत्तर-ऐंशीमधले बरेच एपिसोड जिमी सॅव्हिलमुळे (तेव्हाचा निवेदक, मेल्यावर त्याचे लैंगिक अत्याचार उघड झाले) ते आता दाखवत नाहीत, आणि दाखवूही नये.

सर्व्हिस म्हणून विचाराल तर जरा भानगडच आहे. बीबीसी फोर नावाच्या चॅनेलवर २०११ पासून हे जुने एपिसोड १९७६ पासून सुरू करून क्रमानं दाखवत आले, पण ते तिकडं. त्यांचं आयप्लेअर, म्हणजे ऑनलाईन पाहायचं ॲप, आपल्याकडे चालत नाही. आपल्या हाती येते ते यूट्यूब, तिथं सुट्या परफॉर्मन्सच्या क्लिपा भरपूर, आणि कोणीतरी घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करून चढवलेले अख्खे एपिसोड मधूनच सापडतात, अन् मधूनच गायब होतात. पिक्चर चौकोनी, रंग फाटलेले, एखाद्या ठिकाणी खालून पांढरी रेघ फिरते. आवाज मात्र बरा. इअरफोन लावला तर चांगलाच बरा, पण जागलीवर इअरफोन लावून कसं चालेल, म्हणून मी ब्लूटूथ स्पीकर घेतला. त्याबद्दल खाली सांगतो.

तर अख्खा एपिसोड काऊन पाहायचा ते सांगतो. ह्या प्रोग्रामचा कारभार पंगतीसारखा होता, चार्टमधे चढला तो बसला, मग तो कोणी का असेना. जुना नियम असा की गाणं वर चढून राहिलं असेल तरच बोलवायचं, घसरलं की चान्स गेला, आणि एक नंबरवालं सोडलं तर लागोपाठ दोन आठवडे तेच गाणं घ्यायचं नाही. त्याच्यामुळे काय झालं की एका अर्ध्या तासात कोणीतरी रडकं प्रेमगीत गाते, त्याच्या पाठोपाठ तीन पोट्टे कीबोर्डमागे उभे राहून कानठळ्या बसवणारं टेक्नो वाजवते, मग एखादा म्हातारा रॉकवाला, मग टीव्ही सिरियलमधले दोन हिरो. १९९३ च्या ख्रिसमसला एक नंबरवर कोण होतं माहीत आहे का, मिस्टर ब्लॉबी. म्हणजे गुलाबी रंगाचा, पिवळ्या ठिपक्यांचा, माणूस आत शिरलेला रबरी बाहुला, ज्याला एक शब्द धड बोलता येत नाही. लोकांनी दुकानात जाऊन पैसे देऊन हे घेतलं, त्याला कोण काय करणार. आजकाल मोबाईल आपल्याला जे आवडते तेच तेच चारते, मला ब्लॉबी कोणत्या जन्मात दाखवला असता? इथं निवड करणारा मधे कोणी नाही, दुकानाचा गल्ला जे म्हणेल ते.

आणि गल्ला अडून बसला तर मग अडूनच बसते. १९९१ मधे ब्रायन अ‍ॅडम्सचं एक सिनेमातलं गाणं लागोपाठ १६ आठवडे एक नंबर. १९९४ मधे वेट वेट वेट नावाच्या बँडचं १५ आठवडे. एक नंबरचं गाणं शेवटी लागायचं, म्हणून त्या काळातले एपिसोड ओळीनं लावले तर शेवट पाठच होऊन जाते, शेवटची तीन-चार मिनिटं मी उठून पाण्याची नाली फिरवून येत होतो. तिकडच्यांनाही वैताग आला असेलच, कारण पल्प बँडचा जार्विस कॉकर त्याच स्टेजवर गाताना एकदम कोट उघडून दाखवते आणि आत लिहिलेलं, मला वेट वेट वेटचा तिटकारा आहे म्हणून. हे १९९४ चंच. नुसती क्लिप पाहिली तर हा जोक हसू आणत नाही, त्याच्या आधी पाच-सहा एपिसोड तेच गाणं सोसलं असलं पाहिजे, मग समजते त्या कोटाची किंमत.

आता ओठ हलवण्याचा विषय. बरीच वर्षं बहुतेक लोक टेपवर नुसते ओठ हलवत. ऑक्टोबर १९९१ मधे प्रोग्रामची सगळी रंगरंगोटी झाली, एल्स्ट्रीच्या स्टुडिओत नेला, रेडिओवाले जुने निवेदक काढून नवे तरुण पोरं आणले, आणि नियम केला की गळा खरा पाहिजे, म्हणजे गाणाऱ्यानं माईकवर खरोखर गायचं, वाजवणं टेपवर चालेल. बापा, काय काय उघडं पडलं. सीडीवर ज्यांचा आवाज मधासारखा त्यातले काही इथं असे बेसूर लागतात की मचाणावर मी एकटाच हसून राहिलो होतो. मला विचाराल तर १९९१ ते १९९३ हेच सगळ्यात बघण्यासारखं आहे, जाणकार लोक ह्या काळाला शिव्या घालतात, स्टेज उघडं-बोडकं, निवेदक नवशिके, सगळं मान्य, पण माणूस खरा दिसते.

ह्याच नियमाची निर्व्हाणा नावाच्या रॉक बँडनं काय वाट लावली ते नोव्हेंबर १९९१ च्या एपिसोडात पाहा. गिटार-ड्रम टेपवर, फक्त गळा खरा. तर त्यांचा गाणारा कर्ट कोबेन आपलं गाणं आपल्या आवाजात गातच नाही, मुद्दाम एकदम खालच्या पट्टीत, झोपेत बडबडल्यासारखं, गिटारवर हात असा फिरवते की पाहणाऱ्याला कळलंच पाहिजे हे खोटं आहे. बाकीचे दोघंही तेच, बासवाला बास डोक्यावर फिरवून राहिला. समोरचे पोट्टे-पोट्टी तरी नाचूनच राहिले, त्यांना काय. माझा भाचा अठरा वर्षांचा, तो म्हणे, "मामा, इतकं बकवास काऊन गाते हा?" मी म्हटलं, "त्याले येत नाही म्हणून नाही, त्याले खोटं करा लागून राहिलं म्हणून." त्याला काही पटलं नाही. त्याचं म्हणणं, पैसे घेतले ना, मग नीट गा. मुद्दा त्याचाही चुकीचा नाही.

ऑर्ब नावाच्या जोडीनं तर कमालच केली. १९९२ मधे त्यांचं जवळपास ४० मिनिटांचं गाणं चार्टमधे आलं (त्याच्यापेक्षा लांब असतं तर सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, म्हणून धरलंच नसतं). प्रोग्रामवाल्यांनी त्यातले तीनेक मिनिटं कापून घेतले, आणि हे दोघं स्टेजवर येऊन काय करतात, तर बुद्धिबळ खेळतात. बस. गाणं वाजून राहिलं, धूर सुटून राहिला, अन् हे प्यादं सरकवून राहिले. मला हा परफॉर्मन्स सगळ्यात जास्त आवडला, काऊन ते मला सांगता येणार नाही, वाजवण्यासारखं काही नव्हतं तर त्यांनी वाजवायचं ढोंग केलं नाही एवढंच असेल.

पुढं हा खऱ्या गळ्याचा नियम ढिला पडला, त्यामुळे १९९५ मधे ओएसिस बँडच्या दोघा भावांना अदलाबदल करता आली, गाणारा लिआम गिटार धरून उभा, गिटारवाला नोएल माईकवर ओठ हलवते, अन् दोघांच्याही तोंडावर काही नाही. तेव्हा ब्लर नावाचा दुसरा बँड आणि ओएसिसची एकाच आठवड्यात गाणी काढून जी कुस्ती लागली होती ती ब्लरनं मारली, २,७४,००० विरुद्ध २,१६,०००. एवढ्या कॅसेटी-सीड्या एका आठवड्यात! आणि १९९४ मधे मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स नावाच्या बँडचा गाणारा डोळे तेवढे उघडे असलेला काळा मुखवटा घालून आला तर बीबीसीकडे २५,००० तक्रारी गेल्या म्हणतात. मला ते पाहून तक्रारीसारखं काही वाटलं नाही, थंडीत आमच्या इकडं जागलीवाले अर्धे तसेच दिसतात.

१९९६ नंतर सगळं चकाचक होत जाते. स्पाईस गर्ल्स नावाच्या बँडच्या पोरी आल्या, पहिल्यांदा तर त्या जपानात होत्या म्हणून तिथून दाखवल्या, आणि त्यांची ती टोपणनावं, स्पोर्टी, बेबी, स्केअरी वगैरे, ती ह्याच प्रोग्रामच्या नावानं निघणाऱ्या मासिकानं ठेवलेली. कपडे चांगले, लाईट चांगले, डान्स बसवलेला. ते वाईट नाही. पण भराभर पाहून सोडून द्या.

एक मात्र सोडू नका. फेब्रुवारी १९९८, कॉर्नरशॉप नावाचा बँड, गाणारा तजिंदर सिंग, आणि गाणं आहे आपल्या आशाबाईंवर! आशा भोसले, नाव सरळ गाण्यात, लताबाई अन् रफीसाहेबही आहेत. आधी ते संथ चालीत आलं तेव्हा कोणी विचारलं नाही, मग फॅटबॉय स्लिम नावाचा डीजे, म्हणजे नॉर्मन कुक, त्यानं वेग वाढवून रिमिक्स केलं अन् ते थेट इंग्लंडात एक नंबर. हे मी घरी टीव्हीवर लावून दाखवलं. आईनं दोनदा विचारलं, "आपली आशा? तेच आशा?" मग म्हणे आशाबाईचं गाणंच लावा ना मंग, हे काय लावून ठेवलं.

यवतमाळात रूम करून शिकत होतो तेव्हा घरमालकाकडे केबल होतं, त्यावर ह्यातले काही चेहरे ओझरते पाहिलेले. गावात तर अँटेनावर एकच दूरदर्शन, डीडी मेट्रो चॅनेलवरचं सुपरहिट मुकाबला ऐकूनच माहीत. तेव्हाचा माझा एक मित्र आजही भांडते की व्हॅनिला आईस नावाच्या रॅपरनं बाबा सहगलचं थंडा पाणी ढापलं. १९९० चा डिसेंबर लावून दाखवला, इंग्लंडात एक नंबरवर व्हॅनिला आईस, बाबाचं तर १९९२ चं. तरी भांडते.

वजा बाजूही सांगतो. निवेदकांचं इंग्रजी फार फास्ट, आपोआप येणाऱ्या सबटायटलात बँडची नावं वाचून वेगळंच हसू येते. पब्लिक थोडं असते अन् त्यांनाच एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजकडे ढकलत नेतात, एकदा लक्षात आलं की तोच लाल शर्टवाला सगळीकडे दिसते अन् मग गाण्याकडे ध्यान राहत नाही. काही एपिसोड तर निव्वळ भुसा, सहापैकी पाच गाणी टाकाऊ. तेही पाहावं असं माझं मत, बायकोचं मत वेगळं आहे. पाचपैकी चार स्टार देतो, एक कापला तो तुकड्या-तुकड्यात शोधत फिरा लागते म्हणून.

आणि स्पीकरबद्दल विचारणाऱ्यांसाठी. डुकरं टेक्नोला दबतात, विशेषतः १९९२ चं काहीही लावा. रोही नाही दबत. परवा व्हिटनी ह्यूस्टन सुरू होती, १९९२ चा डिसेंबर, दहा आठवडे एक नंबर राहिलेलं तेच, आणि चार रोही धुऱ्यावर उभे राहून अख्खं गाणं ऐकून मग हरभऱ्यात शिरले.