पहिल्या भागाच्या करारात अडकलेली अख्खी त्रयी

फँटसी मालिका लिहिणाऱ्याला फसवलं जातं तेव्हा पहिल्या पुस्तकाचे पैसे जातात, पण मोठं नुकसान पुढच्या, अजून न लिहिलेल्या भागांचं होतं. कित्येक वर्षं खपून उभं केलेलं जग एका सहीने दुसऱ्याच्या ताब्यात जातं. एका लेखिकेच्या त्रयीचं नेमकं हेच झालं. कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही, कारण हीच पद्धत वेगवेगळ्या नावांनी चालते आणि ती ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

पहिला भाग 1,40,000 शब्दांचा होता. हस्तलिखित पाठवल्यावर चौथ्याच दिवशी ‘संपादक मंडळाने एकमताने निवड केली’ असा मेल आला. एवढी कादंबरी वाचायची, तिच्यावर चर्चा करायची, छपाईचा हिशेब मांडायचा, याला कुठल्याही प्रकाशकाला अनेक आठवडे लागतात, बहुधा महिने. मेलमध्ये स्तुती भरपूर होती, पण एकाही पात्राचं नाव नव्हतं. जादूच्या नियमांबद्दल एक प्रश्नही नव्हता. न वाचता ‘होकार’ देणारे असतात हे 2004 साली सप्रमाण सिद्ध झालेलं आहे. जेम्स डी. मॅकडोनाल्ड यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांनी मुद्दाम टाकाऊ कादंबरी लिहिली. तिच्यातलं एक प्रकरण गायब होतं आणि एक संगणकाने आधीच्या मजकुराचे तुकडे जोडून बनवलेलं होतं. ती स्वीकारली गेली. पैसा नेहमी लेखकाकडे यायला हवा, हा लेखकांमध्ये रुजलेला नियमही मॅकडोनाल्ड यांचाच.

आठवड्याने ‘सहभागी प्रकाशन’ हा शब्द आला आणि त्यामागून पॅकेज. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात काहीच गैर नाही, पण तिथे सगळे हक्क लेखकाकडे राहतात. इथे खर्च लेखिकेचा आणि हक्क कंपनीचे. पॅकेजमध्ये कॉपीराइट ‘मिळवून देण्याचं’ शुल्कही होतं. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार मजकूर लिहिला गेला की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. काही देशांत नोंदणी दाव्याच्या वेळी कामी येते, पण ती कोणाच्या नावावर झाली हे कागद मागून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘50 टक्के रॉयल्टी’ या आकड्याने भले भले फसतात. टक्के कशावर, हे आधी विचारा. छापील किंमत 100 धरा. वितरक आणि दुकानदार यांचे 55 गेले, उरले 45. जाड पुस्तकाची एकेक प्रत मागणीनुसार छापायला 30 लागले, उरले 15. ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून 5 कापले, उरले 10. त्याचे 50 टक्के म्हणजे 5. छापील किमतीवर साधी 10 टक्के रॉयल्टी असती तर 10 मिळाले असते. फँटसीची पुस्तकं जाड असल्यामुळे छपाईचा आकडा मोठा होतो आणि ‘निव्वळ नफ्यावर’ हा शब्द इथे सर्वांत महाग पडतो.

संपादनाच्या नावाखाली मजकूर शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला गेला. फँटसीत हे कसं घात करतं ते पाहा: ‘वेरुण’ नावाचा राजपुत्र सातव्या प्रकरणापासून ‘वरुण’ झाला, कारण सॉफ्टवेअरला ओळखीचा शब्द तोच. खऱ्या संपादनात आधी रचनेवर काम होतं, मग वाक्यांवर, मग प्रत-संपादन म्हणजे भाषा आणि तपशील तपासणं, शेवटी मुद्रितशोधन म्हणजे छपाईआधीच्या चुका काढणं. मालिकेसाठी संपादक नावांची, अंतरांची, कालगणनेची आणि जादूच्या मर्यादांची नोंदवही करतो आणि तीच पुढच्या भागाला वापरतो. पैसे देण्याआधी पाच पानांचं नमुना-संपादन मागा. कोऱ्या जागेत प्रश्न लिहून आले नाहीत तर कोणी वाचलेलं नाही.

आता करार. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा होता आणि तो ‘ही ऑफर शुक्रवारपर्यंतच’ या घाईत गेला. एका कलमात ‘त्याच जगातील, त्याच पात्रांवरील सर्व आगामी लेखन’ याच अटींवर कंपनीला द्यावं लागेल असं होतं, आणि कंपनीने उत्तर किती दिवसांत द्यायचं याची मुदतच नव्हती. दुसरा भाग अकरा महिने तसाच पडून राहिला. पुढच्या पुस्तकावर प्रकाशकाचा पहिला अधिकार असणं गैर नाही. फक्त तो मालिकेतल्या एकाच पुढच्या पुस्तकापुरता, तीन प्रकरणं आणि कथासारांशावर, 30 ते 60 दिवसांच्या मुदतीचा आणि अटी नव्याने ठरवण्याची मुभा असलेला हवा. शेजारचं स्पर्धाबंदीचं कलम इतकं रुंद होतं की त्या जगातली एक लघुकथाही लेखिकेला दुसरीकडे छापता येईना.

हक्क परत मिळण्याचं कलम होतं, पण ‘पुस्तक अनुपलब्ध झाल्यास’ अशा शब्दांत. ई-बुक आणि मागणीनुसार छपाई असताना पुस्तक अनुपलब्ध कधी होतच नाही. तिथे विक्रीचा आकडा लिहून घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, सलग दोन सहामाहींत मिळून 100 पेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या तर लेखी मागणीनंतर 90 दिवसांत हक्क परत.

मुखपृष्ठ आणि नकाशा यांच्याकडे जवळपास कोणीच पाहत नाही. चित्रकाराला कंपनीने नेमलं असेल तर चित्र वापरण्याची परवानगी कंपनीकडे असते. मजकुराचे हक्क सुटले तरी चित्रं मागेच राहतात, आणि मालिकेतल्या पुस्तकांच्या कण्यांवरची (कपाटात दिसणाऱ्या कडेवरची) नक्षी भागागणिक जुळायची असते. पुस्तकाचा तेरा अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, तोही कंपनीच्या नावावर. प्रकाशक बदलला की नव्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा लागतो.

पुस्तक पडून आहे हे कळल्यावर दुसरी टोळी आली. चित्रपटाचे हक्क घ्यायला निर्माते उत्सुक आहेत, फक्त पटकथेचा आराखडा विकत घ्या, असं सांगणारा ‘एजंट’. एजंट विक्रीतून कमिशन घेतो, आगाऊ शुल्क नाही. मेलचा पत्ता एकेक अक्षर वाचा. बड्या प्रकाशकांच्या नावाने हस्तलिखितं मिळवणाऱ्या ज्या माणसाला जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, त्याने पत्त्यातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी ठेवण्यासारख्या युक्त्या वापरल्या होत्या. संशय आला तर त्या मेलला उत्तर न देता संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे संपर्क करा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांच्या संघटनेचा ‘रायटर बिवेअर’ हा उपक्रम 1998 पासून अशा फसवणुकींची माहिती विनामूल्य देतो. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या प्रशस्तीवर जाऊ नका. तिथल्या तीन लेखकांना स्वतः शोधून काढा आणि विचारा: विक्रीचा हिशेब शेवटचा कधी आला?

अडकलाच असाल तर आधी पुढचे पैसे थांबवा. कार्डाने भरले असतील तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, कारण तक्रारीची मुदत थोडी असते. फोनवर बोलणं बंद, सगळं मेलवर. करार, पावत्या, जाहिरातीतली आश्वासनं तारखेनुसार लावून ठेवा, आणि कंपनीने पाळलेलं नाही असं कलम शोधा. या लेखिकेला ते सापडलं: सहामाही हिशेब द्यायचा होता, तो दोनदा आलाच नाही. वकिलामार्फत तेवढ्या एका मुद्द्यावर नोटीस गेली आणि पाच महिन्यांनी पुढच्या दोन भागांवरचा अधिकार कंपनीने लेखी सोडला. पहिला भाग अजून अडकलेला आहे. दुसऱ्या भागासाठी नकाशा नव्या चित्रकाराकडून काढून घेतला जातोय, आणि या वेळी चित्राचा करार थेट लेखिकेच्या नावावर आहे.