हॉटेलचं सॉफ्टवेअर 'पॅकेज'मध्ये घेणाऱ्यांनी हे वाचा

चतुर्थी झाली की सीझनच्या तोंडावर सॉफ्टवेअरवाले हॉटेलाहॉटेलात फिरायला लागतात, म्हणून आत्ताच लिहून टाकतोय. आमचं कळंगुट साइडला छोटं हॉटेल आहे, खाली रेस्टॉरंट आणि बार. म्हापशाच्या एका डीलरकडून बिलिंगचं पॅकेज घेतलं आणि त्याने आम्हाला सरळ सरळ लुबाडलं.

कोटेशनवर सहा मॉड्यूल होती, फ्रंट ऑफिस, रेस्टॉरंट, बार, स्टॉक, अकाउंट्स, ऑनलाइन बुकिंग. लिस्ट प्राइस ३ लाख, पॅकेज म्हणून ४० टक्के सूट, म्हणजे १ लाख ८० हजार, बस एवढंच. कुठलं मॉड्यूल कितीला पडलं ते कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "सर, पॅकेजमध्ये सुटा रेट नसतो." धादांत खोटं! बंडलची किंमत लावायच्या मुख्य पद्धती दोन, एक तर अख्ख्या बंडलला एक किंमत आणि आतल्या आयटमना शून्य, नाहीतर प्रत्येक आयटमला स्वतःची किंमत आणि त्यांची बेरीज ती बंडलची. दोन्ही चालतात, पण जी धरली ती शेवटपर्यंत धरायला हवी ना. यांनी विकताना पहिली दाखवली आणि पुढे पैसे मागताना दुसरी काढली.

एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं शुल्क, २० टक्के ठरली होती. १ लाख ८० हजारावर ३६ हजार होतात, बिल आलं ६० हजारांचं, कारण यांनी २० टक्के लावले ते लिस्ट प्राइसवर, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०,८००. आणि तो जीएसटी आम्हाला परत मिळत नाही, रेस्टॉरंट ५ टक्क्यांत आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमपण ५ टक्क्यांत, दोन्हीकडे इनपुट क्रेडिट नाही, सगळा खिशातून. मग म्हटलं ऑनलाइन बुकिंग आम्ही वापरतच नाही, ते काढा. तेव्हा कळलं की एक मॉड्यूल काढलं तर पॅकेज मोडतं, सूट जाते, उरलेली पाच लिस्ट प्राइसने धरणार, म्हणजे २ लाख ७० हजार, आणि फरकाचे ९० हजार आम्हीच भरायचे. कमी वापरायचं म्हणून जास्त पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?

सगळ्यात जास्त राग बारच्या मॉड्यूलचा. डेमोमध्ये पोरगा बाटली स्टॉकला घेऊन दाखवत होता, एक पेग विकला की तेवढे मिली कमी व्हायचे. आमच्याकडे बसवल्यावर बाटली ती बाटलीच राहिली, ७५० मिलीचे ३० मिलीप्रमाणे २५ पेग होतात एवढंही ते करेना, कारण 'पेग कन्व्हर्जन' म्हणे वेगळा ऑप्शन, १५ हजार. बिअर आणि फिश फ्रायचा कॉम्बो लावायचा तरी तेच, जेवणावर जीएसटी, दारू जीएसटीच्या बाहेर आणि तिच्यावर राज्याचा व्हॅट, त्यामुळे कॉम्बोचा रेट बिलात दोन भागांत फोडावाच लागतो, पण तेही ऑप्शनमध्ये. बेस रेट कमी दाखवायचा आणि ज्याच्याशिवाय बार चालूच शकत नाही ते नंतर वर चढवायचं, ही यांची रीत. डेमोत मात्र सगळे ऑप्शन चालू.

ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू धरत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार आहे हे दाखवता आलं तरच. वकिलाशी बोलणं चालू आहे.

तुमच्याकडे कोणी आला तर सूट वजा करून प्रत्येक मॉड्यूलचा सुटा रेट कोटेशनवरच लिहून घ्या, तोंडी नको. एएमसी भरलेल्या रकमेवरच लागेल, आणि एखादं मॉड्यूल सोडलं तर बाकीच्यांचा रेट बदलणार नाही, हेही त्यातच. डेमो बघताना विचारा की आत्ता जे चालू आहे त्यातलं काय काय या किमतीत येतं, आणि तो स्क्रीन मोबाइलवर शूट करून ठेवा. आमच्या ॲग्रीमेंटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'वेळोवेळी लागू असलेल्या प्राइस लिस्टनुसार' अशी ओळ होती, आता तिच्याच जोरावर ते पैसे मागतायत. तुमच्या कागदात ती ओळ असेल तर खोडून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि तो खोडायला तयार नसेल तर चेक देऊ नका.